विज्ञान भवनाचा आखूड उतार

माणसाला उतार सापडला त्या दिवशी संस्कृतीचा उदय झाला. हे वाक्य हरणगावच्या विज्ञान भवनाच्या दर्शनी भिंतीवर, संगमरवरात, सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. ते वाचायचं असेल तर सहा पायऱ्या चढून वर जावं लागतं.

शेजारी उतारही आहे. नाही असं नाही. इमारत वापरायला परवानगी हवी असेल तर उतार पाहिजे, असा सरकारी नियम आहे आणि समितीने तो पाळला आहे. वरचा ओटा जमिनीपासून एक मीटर उंच, आणि उताराची लांबी तीन मीटर. त्यामुळे तो उतार कमी आणि घसरगुंडी जास्त दिसतो, आणि सहलीला आलेली मुलं त्याचा तसा उपयोग करतातही. मूळ नकाशात तो बारा मीटर लांब होता. पण बारा मीटर काढला असता तर तो अंगणातल्या पिवळ्या चौकटीवरून गेला असता. त्या चौकटीत 'मा. अध्यक्ष' असं लिहिलेलं आहे. तिथे अध्यक्षांची गाडी उभी राहते. ते येतात तेव्हा.

त्या सकाळी शाल्मली तुपे या उतारापाशी आली, तेव्हा ती घरूनच चिडून आलेली होती.

शाल्मली सातवीत होती. सगळे तिला शालू म्हणत. तिच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं आणि ती हातांनी चाकं फिरवायच्या खुर्चीतून फिरायची. पायऱ्या चढणाऱ्या खुर्च्या तोवर निघाल्या होत्या, पण त्या इतक्या जड होत्या की त्यांना बसमध्ये चढवायला आणखी एक तसलीच खुर्ची लागली असती. चंद्रावर माणसांची वसाहत होऊनही काही वर्षं लोटली होती. तिथल्या पाणी खात्यात हरणगावचाच एक मुलगा नोकरीला होता, आणि त्याचा सत्कार याच भवनात झाला होता. हरणगावची मजल चंद्रापर्यंत गेली होती. शालूची अजून सहा पायऱ्यांपर्यंत गेली नव्हती.

म्हणजे गेल्या वर्षीच्या बालविज्ञान संमेलनाला ती वर पोचली होती, पण स्वतः नाही. चार स्वयंसेवकांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलं होतं. नेताना खुर्ची एका बाजूला कलली, शालू पडता पडता वाचली, तिचं उपकरण पडलंच, आणि नेमका तेव्हा फोटो काढला गेला. तो संस्थेच्या स्मरणिकेत 'मायेचा हात' या शीर्षकाखाली छापून आला. फोटोत शालूचे डोळे मिटलेले आहेत आणि तोंड उघडं आहे. ती त्या वेळी जे बोलत होती ते छापण्याजोगं नव्हतं.

यंदा तिने दवयंत्र केलं होतं. हवेत डोळ्यांना न दिसणारी वाफ असते, ती थंड पत्र्यावर दव होऊन साचते, आणि ते दव घरंगळून बाटलीत पडतं, अशी त्याची युक्ती होती. पत्रा बॅटरीवर गार व्हायचा. घरी त्यातून एका रात्रीत वाटीभर पाणी निघालं होतं. तिची आई वीजबस चालवायची, त्यामुळे वेळेची पक्की. निघताना तिने विचारलं होतं, सगळं घेतलंस ना? शालूने हो म्हटलं. फाटकापाशी आईने पुन्हा तेच विचारलं.

"एकदा हो म्हटलं ना, आई. किती वेळा विचारशील?"

आई फाटकाशीच थांबली. पुढे तिला येता येणार नव्हतं. बालविज्ञान संमेलनाचा तसा नियमच होता. पूर्वी तिसरीतल्या एका मुलाने अणुभट्टीची चालती प्रतिकृती आणली होती, आणि परीक्षकांनी ही कशी चालते असं विचारल्यावर त्याने "बाबा पार्किंगमध्ये आहेत" एवढंच उत्तर दिलं होतं. तेव्हापासून पालकांना फाटकाशी अडवत, आणि स्पर्धकाने आपलं उपकरण फाटकापासून टेबलापर्यंत स्वतःच न्यायचं, कोणाचीही मदत घ्यायची नाही, असं ठरलं. नियम चांगला होता. शालूला तो पटलाही होता. फक्त फाटक आणि टेबल यांच्या मध्ये तो उतार होता.

उताराच्या पायथ्याशी कार्यवाह घोडके सर उभे होते. छातीवर बिल्ला, हातात गुलाबाची कळी. मागे चार स्वयंसेवक, तेही बिल्ला लावून, बाह्या सरसावून. आणि त्यांच्या मागे फोटोवाला. घोडके सर वाईट नव्हते. त्यांचा आवाज मऊ होता आणि ते सगळ्यांना बाळ म्हणत. त्यांनी शालूला सांगितलं की तिने मुळीच काळजी करू नये, सगळी व्यवस्था झालेली आहे, मुलं तिला अलगद वर नेतील. अर्थात उचलून नेलं की ती मदत झाली आणि मदत झाली की स्पर्धेत बसता येत नाही. पण समितीने सहानुभूतीपूर्वक विचार केला आहे. तिचं उपकरण वेगळ्या टेबलावर स्पर्धेबाहेर मांडता येईल, आणि तिला विशेष प्रोत्साहनपर प्रमाणपत्र मिळेल. ते चौकटीत बसवून तयार होतं. घोडके सरांनी दाखवलंसुद्धा.

"बाळ, यात कमीपणा काही नाही."

"मी बाळ नाही," शालू म्हणाली. "मी स्पर्धक आहे. मी वर जाणार आणि स्वतः जाणार."

घोडके सरांनी उताराकडे हात केला. उतार सर्वांसाठी खुला होता. फक्त वेळेचं तेवढं बघायचं होतं, कारण अध्यक्ष ओट्यावर येऊन समई पेटवतात आणि त्याच क्षणी दालनाचं दार बंद होतं. अध्यक्ष कोणत्याही क्षणी येणार होते.

शालूने दवयंत्र मांडीवर पट्ट्याने बांधलं, चाकांच्या कड्यांवर हात घट्ट केले आणि जोर लावला. खुर्ची उतारावर चार बोटं चढली आणि थांबली. शालूने आणखी जोर लावला. दात आवळले, मान ताठली, कपाळावर घाम आला. खुर्ची तसूभर हलली नाही. हात बदलायला तिने एक क्षण कडं सोडलं, तशी खुर्ची मागे घरंगळत अंगणात येऊन थांबली. दुसऱ्या खेपेला तिने लांबून वेग घेतला. या वेळी पुढची चाकं हवेत उचलली गेली, खुर्ची मागे कलंडू लागली आणि एका धातूच्या हाताने ती पाठीमागून धरली.

"कृपया सावकाश," मागून आवाज आला. "आपण लावलेल्या बळाने पहिल्या प्रयत्नात घडलेले कार्य जवळपास शून्य आहे."

हा मार्गदर्शक होता, भवनाचा यंत्रमानव. पिंपासारखं अंग, खाली तीन चाकं, वर दोन हात. मुलं त्याला मार्ग्या म्हणत. आतली दालनं दाखवण्यासाठी त्याला आणलं होतं. पण तो ट्रकमधून उतरला, या उतारावरून चढायला गेला, घरंगळून खाली आला, आणि तेव्हापासून पायऱ्यांच्या खालीच मार्गदर्शन करत होता. त्याला सगळी दालनं तोंडपाठ होती. त्याने त्यातलं एकही पाहिलं नव्हतं.

शालू त्याच्याकडे वळली. आधीच अंगाचा भडका उडालेला, त्यात हे.

"शून्य? मला घाम फुटला, हात भरून आले, आणि मी काम केलं नाही म्हणतोस?"

"शास्त्रात कार्य म्हणजे बळ गुणिले अंतर," मार्ग्या म्हणाला. "बळ म्हणजे ढकलणे किंवा ओढणे. त्या बळाने वस्तू बळाच्या दिशेने सरकली, तरच कार्य झाले. वस्तू जागची हलली नाही, तर अंतर शून्य. शून्याला कशानेही गुणले तरी शून्य."

"मग घाम कशाचा?"

"आपले स्नायू आखडून राहण्यासाठी ऊर्जा (कार्य करण्याची क्षमता) खर्च करतात. ती शरीरात उष्णता होऊन जाते. खुर्चीला त्यातले काही मिळाले नाही."

शालूला हे ऐकून बरं वाटलं नाही. आपण एवढं झटायचं आणि कोणीतरी येऊन नोंद शून्य आहे म्हणून सांगायचं, हा अनुभव तिला नवा नव्हता. पण मार्ग्याच्या आवाजात दया नव्हती, आणि ते तिला आवडलं. तिने विचारलं, किती बळ लागेल ते सांग.

मार्ग्याच्या उजव्या हातात ताणकाटा होता. खेचलं की स्प्रिंग किती ताणली यावरून तो बळ सांगायचा. त्याने तो खुर्चीच्या मागच्या दांडीला अडकवला आणि शालूला पुढे जायला सांगितलं. शालूने सगळा राग चाकांवर काढला. काटा ऐंशी न्यूटनवर थांबला. न्यूटन हे बळ मोजायचं माप. एक किलो साखरेची पिशवी तळहातावर तोलून धरायला साधारण दहा न्यूटन बळ लागतं. म्हणजे शालूच्या हातांत आठ पिशव्यांचं बळ होतं. मग मार्ग्याने शालू, खुर्ची आणि दवयंत्र यांचं एकत्र वजन घेतलं. ते अठ्ठेचाळीस किलो भरलं.

पायऱ्यांसमोर 'सुस्वागतम्'ची रांगोळी काढलेली होती आणि शेजारी रांगोळीचा डबा तसाच पडला होता. शालूने वाकून मूठभर रांगोळी घेतली आणि फरशीवर एक त्रिकोण काढला. उभी बाजू एक मीटर, तिरकी तीन मीटर.

"सरळ वर उचलायचं तर अठ्ठेचाळीस पिशव्यांचं बळ," ती म्हणाली. "चारशे ऐंशी न्यूटन. एक मीटर. कार्य झालं चारशे ऐंशी."

"चारशे ऐंशी ज्यूल," मार्ग्याने दुरुस्ती केली. "एक न्यूटन बळाने वस्तू एक मीटर सरकली की एक ज्यूल कार्य होते."

"बरं, ज्यूल. आता उतारावरून गेले तरी पोचायचं त्याच ओट्यावर. म्हणजे कार्य तेवढंच. पण अंतर तीन मीटर." तिने भागाकार केला. "एकशे साठ न्यूटन. सोळा पिशव्या. माझ्याकडे आठ आहेत."

"थोडे बळ घर्षणासाठीही लागेल. घर्षण म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना करतात तो विरोध."

"विरोध करणारे इथे पुष्कळ आहेत," शालू म्हणाली. "म्हणजे मी कमी पडले नाही. उतार कमी पडला."

मार्ग्याने यावर मत दिलं नाही. त्याला मतं दिलेली नव्हती.

शालूने त्रिकोणाची तिरकी बाजू रांगोळीने आणखी पुढे ओढत नेली, पार पिवळ्या चौकटीपर्यंत. उंची तीच ठेवायची आणि लांबी वाढवायची. सहा मीटर केली तर आठ पिशव्या. तेही काठावर, आणि घर्षणाने घात केला असता. बारा मीटर केली तर चार. चार पिशव्यांचं बळ ती गप्पा मारता मारता लावू शकत होती. कार्य मात्र कुठेच कमी होत नव्हतं. चाळीस गुणिले बारा, चारशे ऐंशीच. उतार कार्य वाचवत नव्हता. बळ कमी मागत होता आणि बदल्यात अंतर जास्त घेत होता. एकदम देता येत नाही ते थोडं थोडं द्यायचं, एवढाच सौदा. साधं यंत्र म्हणजे हेच, असं तिने पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहूनही आली होती. आज ते पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर राग दुप्पट झाला. कारण हे एवढं सोपं गणित ज्यांना येत होतं त्यांनीच तो तीन मीटरचा उतार बांधला होता.

ओट्यावर संस्थापकांचा ब्राँझचा पुतळा होता. कै. विज्ञानमहर्षी सदानंदराव ढोबळे. विज्ञानमहर्षी ही पदवी त्यांना संस्थेनेच दिली होती. पुतळा हात पुढे करून, 'या, या' म्हणत असल्यासारखा उभा होता. शालूने त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा कसा गेला वर? यालाही चौघांनी उचलला?"

"नाही," मार्ग्या म्हणाला. "पुतळ्याचे वजन सहाशे किलो आहे. त्यासाठी बारा मीटरचा उतार करण्यात आला होता. जाड फळ्या आणि त्या टेकवायला लोखंडी घोडे. ते सर्व मागच्या पडवीत ठेवलेले आहे."

शालूने रांगोळीच्या लांब रेघेकडे पाहिलं.

"पुतळ्याला बारा मीटर," ती मग हळूच म्हणाली, "आणि मला तीन."

"पुतळ्याला धक्का लागू नये, असा ठराव झाला होता."

त्यानंतर जे झालं ते हरणगावात अजून सांगतात, आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो. खरं असं की शालूने आवाज चढवला नाही. ती चार स्वयंसेवकांपाशी गेली. ते बिचारे बाह्या सरसावून कधीचे उभे होते आणि त्यांना उचलायला काही मिळालेलं नव्हतं. ती म्हणाली, "उचलायला आलाच आहात ना? फळ्या उचला."

ते गेले. त्यांना कोणीतरी काहीतरी सांगायला हवंच होतं.

घोडके सर धावत आले. त्यांचा चेहरा अजून मऊ होता, पण आवाज चिरकला होता. त्यांनी एकामागून एक हरकती काढल्या. पिवळ्या चौकटीत काही ठेवता येत नाही. अध्यक्षांची गाडी येतेय. फळ्या पुतळ्यासाठी आहेत. आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्यांनी उतार लावून दिला तर ती मदत झाली, आणि मदत झाली की स्पर्धेत बसता येत नाही. या शेवटच्या हरकतीपाशी ते थांबले, कारण ती त्यांना स्वतःलाच फार आवडली.

त्याच वेळी दोन मुली आपापली खोकी घेऊन पायऱ्या चढून वर गेल्या. शालूने त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, या दोघींना बाद करा."

"का बरं?"

"या पायऱ्या त्यांनी बांधल्या का? गवंड्याने बांधून दिल्या. ती मदत नाही? पायऱ्या नसत्या तर एक मीटरची भिंत त्या कशा चढल्या असत्या, खोकं घेऊन? पायऱ्या काढा सगळ्या. मग आम्ही सगळे इथेच उभे राहू. तुम्ही चौघांना सांगून सगळ्यांना उचला आणि सगळ्यांना ते प्रमाणपत्र द्या."

घोडके सर हसले.  पायऱ्या या पायऱ्या असतात बाळ, असं ते म्हणाले. त्या काही यंत्र नव्हेत.

"दालन दुसरे, फलक तिसरा," मार्ग्याचा आवाज आला. "पायऱ्या म्हणजे तुकडे तुकडे केलेला उतार. उतार हे माणसाने वापरलेल्या सर्वांत जुन्या साध्या यंत्रांपैकी एक आहे. मजकूर समितीने मंजूर केला आहे. खाली कार्यवाहांची सही आहे."

घोडके सरांनी मार्ग्याकडे पाहिलं, मग फोटोवाल्याकडे पाहिलं. फोटोवाला फोटो काढत होता. ते म्हणाले, मी अध्यक्षांना विचारून सांगतो, आणि फोन लावत एका बाजूला गेले.

फळ्या आल्या. तीन लांब तुकडे होते, एकापुढे एक जोडायचे, आणि खाली टेकवायला उतरत्या उंचीचे घोडे. पहिली फळी ओट्यावर ठेवायची तर ती चौघांना एकदम झेपेना. ते सगळी फळी एका दमात उचलायला बघत होते. शालूने त्यांना ओरडून थांबवलं आणि आधी एकच टोक उचला म्हणाली. दुसरं टोक जमिनीवर टेकलेलं असलं की अर्धा भार जमीनच तोलते. मग वरचं टोक ओट्यावर टेकवून खालचं उचला, अर्धा भार ओटा तोलेल. स्वयंसेवकांना ही जादू वाटली. शालू म्हणाली, जादू नाही, हीच तर तरफ (एका ठिकाणी टेकवलेली आणि दुसरीकडून उचललेली दांडी). सी-सॉ पाहिलाय ना लहानपणी? मार्ग्याने मधले घोडे सरकवून नीट लावले. सपाट जमिनीवर तो चांगला जोरकस होता. त्याच्या आजवरच्या नोकरीत त्याला जोर लावायला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटची फळी पिवळ्या चौकटीवर, नेमकी 'मा.' या अक्षरावर टेकली, आणि फाटकातून अध्यक्षांची गाडी आत आली.

गाडी चालकाविना धावणारी होती, नव्या जातीची, अतिशय सभ्य. तिने आपल्या जागेत अडथळा पाहिला, 'क्षमस्व' असं म्हणाली, आणि जागा मोकळी होईपर्यंत अंगणाला एक फेरी मारायला गेली. फेरी मारून आली. जागा मोकळी नव्हती. 'क्षमस्व' म्हणून पुन्हा गेली. अध्यक्ष आतून काच थोपटत होते. पण जागेवर उभं राहिल्याशिवाय दार उघडायचं नाही, अशी सोय त्यांनीच सुरक्षेसाठी मागून घेतली होती. अध्यक्ष ओट्यावर येईपर्यंत समई पेटणार नव्हती आणि समई पेटेपर्यंत दार बंद होणार नव्हतं.

"एक फेरी पूर्ण," मार्ग्या म्हणाला. "विस्थापन शून्य. विस्थापन म्हणजे निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतचे सरळ अंतर."

शालू उताराच्या तोंडाशी आली. तिने चाकांना हात लावला आणि ढकललं. खुर्ची चढली. पहिल्या रेट्यात हातभर, दुसऱ्यात आणखी हातभर. हात बदलताना खुर्ची मागे घरंगळू बघायची, पण आता मागे ओढणारं बळ चारच पिशव्यांचं होतं, ते ती एका हाताने थोपवून धरू शकत होती. मात्र बारा मीटर म्हणजे बारा मीटर. मध्यावर तिचे दंड पेटले. कार्याला सूट नव्हतीच. तेवढंच कार्य, फक्त हप्त्याहप्त्याने. एक स्वयंसेवक नकळत हात पुढे करून जवळ आला. तिने मान न वळवता सांगितलं, हात लावलास तर बघ. तो मागे सरला. फाटकाबाहेर आई दोन्ही हातांनी गज धरून उभी होती, आणि या खेपेला ती काहीही विचारत नव्हती.

गेल्या वर्षीचा फोटो शालूच्या डोळ्यांपुढे आला, 'मायेचा हात', आणि शेवटचे तीन मीटर तिने त्या फोटोवर राग काढत पार केले.

ती ओट्यावर पोचली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळे गाडी बघत होते. ती ढोबळ्यांच्या पुतळ्याला वळसा घालून सरळ आत गेली आणि आपल्या नावाच्या टेबलापाशी थांबली. स्पर्धेतलं टेबल. तिने त्यावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

तिच्या मागून फळ्यांवर तीन चाकं वाजली. मार्ग्या वर आला होता. संमेलन चालू असताना दाराच्या आत यंत्रमानवांना मनाई होती, म्हणून तो ओट्यावरच थांबला आणि दर्शनी भिंतीसमोर उभा राहून संगमरवरावरचं वाक्य त्याने अक्षर अक्षर वाचलं. इतकी वर्षं तो ते खालून लोकांना म्हणून दाखवत होता.

"पाठ बरोबर होते," तो म्हणाला.

पाठोपाठ आणखी मुलं फळ्यांवरून वर येऊ लागली. ज्यांची उपकरणं जड होती ती, मग ज्यांची हलकी होती तीही. कोणीतरी अखेर गाडीला दुसऱ्या जागेचं नाव शिकवलं, तेव्हा ती थांबली आणि अध्यक्ष उतरले. फेऱ्यांनी गरगरून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी सहा पायऱ्यांकडे पाहिलं, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि काही न बोलता ते लांब उतारावरून सावकाश वर आले. वर आल्यावर म्हणाले, "हे उत्तम केलंत, घोडके. आधीच का नाही केलंत?" घोडके सर म्हणाले की समितीच्या ते बरेच दिवस मनात होतं.

शालूने हे आतून ऐकलं. तिने पाना जरा जोरात आपटला, एवढंच.

पुढल्या महिन्यात पिवळी चौकट पुसली गेली आणि तिथे बारा मीटरचा पक्का उतार बांधला, दोन्ही बाजूंना कठडा घालून. त्याला संस्थापकांचं नाव दिलं. मार्ग्या आता आतली दालनं आतूनच दाखवतो, आणि दुसऱ्या दालनात, तिसऱ्या फलकापाशी, गरजेपेक्षा जरा जास्त थांबतो. शालूने गावातल्या बाकीच्या उतारांची उंची आणि लांबी मोजायला सुरुवात केली आहे. पोस्टाचा मोजून झाला. पोस्टमास्तर सध्या घाबरलेले आहेत.

स्पर्धेत तिच्या दवयंत्राला काही मिळालं नाही. परीक्षक टेबलापाशी आले तेव्हा ते सुरूच झालं नाही. बॅटरी घरी चार्जिंगला लावलेली होती.